झोपेत धरलेला हात

सूनबाई,

जेवण झाकून ठेवलंय. "आई, भूक नाही" हे आज भिंतीला सांगायचं.

सकाळी तुझा आवाज आला म्हणून मी तुझ्या खोलीत आले. तू कोविड वॉर्डातून आल्यावर तुझ्याजवळ यायचं नाही ही तुझी ताकीद, पण मास्क लावला होता. तू झोपेतच कुणा पेशंटशी बोलत होतीस, "आजोबा, हात सोडू नका, मी आहे ना." हात हवेत धरलेला. हातमोज्यांनी सोललेली ती बोटं मी हातात घेतली आणि म्हटलं, "नाही सोडत, बाळ." तेव्हा कुठे तू शांत झालीस.

पूजेआधी न बोलण्याचा माझा नेम मोडला. पण देवासमोर उभं राहिल्यावर येतो, तसा काटा अंगावर आला. माझ्या उपासाला निदान पाणी तरी चालतं गं. तू त्या पीपीई किटमध्ये घोटभरही न पिता दिवसभर कोणाकोणाचे हात धरतेस!

मी तुमच्या हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंकडे निघालेय. सुट्टी मागायला तुला संकोच वाटतो, मला नाही. फाटकाबाहेरूनच बोलेन. माझा चढलेला आवाज या घरात कोणी ऐकला नाही. आज त्या ऐकतील.

आणि युनिफॉर्म शोधू नकोस. दोन्ही भिजत घातलेत.

— आई