अमेरिकन डायल आणि अडीचचा पॉइंट

सोमवार, ६ जानेवारी
अंबडच्या वर्कशॉपात तपासणीवर एकोणीस वर्षं झाली. शुक्रवारी पुण्याचं गिऱ्हाईक ऑडिटला येणार. देवव्रतशेठ म्हणाले, ढुंढिराज, हे पार पाडा, क्वालिटी हेड तुम्हीच. फार बरं वाटलं. लगेच कळलं, माप घ्यायच्या डायल गेजचा पॉइंट गायब. म्हणजे मोजायच्या वस्तूला टेकतं ते टोक. संकल्प: उद्या स्वतः आणणे.

मंगळवार, दुपारी ४
भद्रकालीच्या बाजारातून आणला. दुकानदार विचारतो, आटे मेट्रिक की अमेरिकन? म्हटलं, स्टँडर्ड द्या. अडीच मिलिमीटरचा दिला. बसवला, जरा हलतो. डायल अमेरिकन निघाली, तिचं भोक पावणेतीनच्या वर. अडीच काय नि पावणेतीन काय! परत जायचा कंटाळा.

बुधवार
नळाला लावतात ती पांढरी टेप आट्यांवर गुंडाळली. घट्ट! अनुभव तो अनुभव. आमचा लेथवाला समाधान, सायखेड्याचा, म्हणाला, साहेब, आटेच जुळत नाय, टेपनं काय व्हनार? लेथवाल्यानं लेथ बघावं.

गुरुवार
समाधाननं लेथवर काढलेले दोनशे बुश, म्हणजे लोखंडी नळकांडी, तपासले. एकशे चाळीस रिजेक्ट. एकच बुश तीनदा मोजला, तीन मापं आली. थंडीनं आकसत असावेत. नाशिकची थंडी यंदा जास्तच आहे. समाधान डबा न खाताच उठला. वाईट वाटलं. पण क्वालिटी म्हणजे क्वालिटी.

शुक्रवार, ६.३०
ऑडिटला स्वानंदी मॅडम. वय असेल सव्वीस. रिजेक्टचा ढीग बघून स्वतःचा मायक्रोमीटर काढला. सगळे बुश ओके. मग माझी डायल मागितली. बोट लावताच पॉइंट त्यांच्या तळहातावर, मागे टेपचं शेपूट. हे काय, म्हणाल्या. आमची पद्धत, म्हटलं. त्यांनी ते तसंच लिहून घेतलं. डोकं दुखतंय.

सोमवार, १३ जानेवारी
शेठ ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. गेजच्या कपाटाची किल्ली समाधानकडे दिली. त्यानं योग्य पॉइंट आणलाय. दोन बोटांनी फिरवायचा, अडला किंवा हलला की समजायचं, आपला नाही. मला दाखवत होता. मी माहीत असल्यासारखी मान हलवली.
आता गेज हवं तर त्याच्या रजिस्टरमध्ये सही. आज पहिली केली. नावापुढे हुद्दा लिहायला लागलो, तर हळूच म्हणाला, साहेब, त्याला रकाना नाय.