खुनी कोण, ते मला माहीत नाही

४ जानेवारी, रविवार
नवा नियम. दर रविवारी संध्याकाळी कन्येने तिच्या गावात आणि मी इथे, फोन स्पीकरवर ठेवून एकदम प्ले दाबायचं. पुढचे भाग कोणी एकट्याने बघायचे नाहीत. मालिका तिनेच सुचवली, खुनाची. मला असल्या गोष्टींत काडीचा रस नाही. पण पोरगी नोकरीपायी परक्या गावात एकटी, तिला सोबत नको?

११ जानेवारी
दुसरा भाग. हरवलेल्या मुलीचा बाप दर आठवड्याला तिच्या सायकलीत हवा भरतो. बोलत काहीच नाही. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. चष्म्याचं दुकान आहे माझं, डोळ्यांचं मला कळतं. स्क्रीनकडे टक लावली की डोळे कोरडे पडतात, मग पाणी येतं. कन्येने विचारलं, नाक का ओढताय. सर्दी म्हणालो.

१४ जानेवारी
एका गिऱ्हाइकाला नंबर विचारायच्या ऐवजी विचारलं, मंगळवारी संध्याकाळी कुठे होतात. फ्रेम न घेताच गेला. निश्चय: मालिकेचा विचार फक्त रविवारी.

१८ जानेवारी
कन्येला ऑफिसचं काम निघालं. पुढच्या रविवारी बघू म्हणाली. म्हटलं, सावकाश, मला कुठे घाई आहे. दिवा न लावता बसून राहिलो. विजेची बचत.

१९ जानेवारी
तिसरा भाग पाच मिनिटं बघितला. आवाज नीट येतो का, ते तपासायला.

२० जानेवारी
दुकान बंद ठेवलं. सगळे भाग संपले. बाप सायकल विकायला काढतो आणि गिऱ्हाईक आल्यावर देतच नाही. ओक्साबोक्शी रडलो. कोरडेपणा फारच वाढलाय, ड्रॉप्स आणायला हवेत. कोणाला तरी सांगावंसं वाटत होतं. सांगण्यासारखं माणूस एकच, आणि तिलाच सांगायची चोरी.

२५ जानेवारी
तिसरा भाग, एकत्र. अभिनयाची कमाल केली. दार वाजलं की दचकलो, भलत्यावरच संशय घेतला. कन्येने भाग थांबवला. मग हळूच म्हणाली, बाबा, तुम्ही पुढचं बघितलंय ना. आधी नाही म्हणालो, मग हो.
वाटलं चिडेल. हसायला लागली. म्हणाली, तिची तर ही मालिका गेल्या वर्षीच मैत्रिणींबरोबर बघून झाली होती. मग माझ्याबरोबर परत कशाला, विचारलं. म्हणाली, रविवारी संध्याकाळी तुमचा आवाज कसातरीच येतो.
काहीतरीच काय, म्हणालो, आणि फोन ठेवला.
तिला सोबत नकोच होती. मला हवी होती.
उरलेले भाग आता दोघांनाही बघायची गरज नाही. पुढच्या रविवारी फोन करशील ना, एवढं विचारायचं राहून गेलं.