वाऱ्याआडचं बोलणं

प्रिय बारके,

पत्र पाहून दचकू नकोस. घरी सगळे ठणठणीत आहेत. नदीपलीकडे राहणाऱ्या बहिणीला कुणी पत्र लिहितं का, असं म्हणशील. पण लिहायला बसलोय खरा, आणि तुझी वहिनी दारातून दोनदा डोकावून गेली आहे.

आधी माझी फजिती ऐक. दोन महिन्यांपूर्वी कारखान्यातून सायकलवर घरी येत होतो. समोरून वारा होता. खड्डा चुकवायला जरा रस्त्याच्या मध्ये सरकलो आणि पावाची गाडी मला घासून गेली. तिचा आरसा कोपराला लागला, एवढ्यावरच निभावलं. गाडीवाला घाईघाईनं खाली उतरला. त्यानं दोनदा हॉर्न दिला होता म्हणे. मला गाडी आलेलीच कळली नव्हती. दोनशे शिलाई मशिनांच्या गलक्यात कुठल्या मशिनची सुई वाकली ते मी उभ्या उभ्या सांगतो, ही माझी ऐट तुला ठाऊक आहेच. ती त्या दिवशी पार उतरली.

वहिनीनं दुसऱ्याच दिवशी कान तपासायला पिटाळलं. तपासणाऱ्या बाई अगदी तरुण. त्यांनी मला काचेच्या खोलीत बसवलं, कानावर यंत्र लावलं, आवाज आला की बटण दाबा म्हणाल्या. मी परीक्षेला बसल्यासारखा घाम पुसत होतो. कान वयाच्या मानानं बरे निघाले. मग बाईंनी विचारलं की सायकलवर काय ऐकू येतं. मी म्हणालो, वारा. तोच तर चोर आहे, असं त्या म्हणाल्या. वारा कानाच्या कडेवर आणि हेल्मेटच्या पट्ट्यांवर आपटतो आणि तिथेच घुसळत राहतो. तो गोंगाट आपल्या कानाशीच होत असतो, म्हणून बाकीचं सगळं त्याखाली बुडतं. जितकं जोरात जावं तितका तो वाढतो.

झालं, मला नवा उद्योग मिळाला. पहिल्यांदा कानात कापूस घातला. वाऱ्याबरोबर गाड्याही गप्प झाल्या, म्हणजे आगीतून फुफाट्यात. मग वहिनीचा स्कार्फ गुंडाळला, तर घामानं डोकं शिजलं. शेवटी कारखान्यातल्या कापडाच्या चिंध्यांत लांब केसांचं, अस्वलासारखं एक कापड सापडलं. त्याच्या दोन नळ्या शिवल्या आणि कानांच्या पुढे, हेल्मेटच्या पट्ट्यांवर चढवल्या. कान उघडेच, पण वारा त्या केसांत अडकतो. वहिनीला कट्ट्यावर बसवून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायला लावलं आणि मी समोरून सायकलवर येरझाऱ्या घातल्या. आधी नुसतं सूं सूं. नळ्या लावल्यावर बातमी कळली, आणि मधेच वहिनीनं माझ्या अकलेबद्दल घातलेलं एक वाक्यही कळलं. शेजारी गॅलरीत येऊन हसत होते. वारा पुरता जात नाही, पण निम्म्याहून जास्त उतरतो. मान जराशी वळवली तर आणखी.

गेल्या रविवारी नदीकाठच्या रस्त्यानं गेलो. साखळीला तेल हवंय हे कळलं. मागून येणारी गाडी बरीच आधी कळली. मग माझ्या मागे दोघी बायका सायकलवर आल्या. एकीला मुलीच्या शाळेची काळजी होती, दुसरी तिला धीर देत होती. साध्या आवाजात बोलत होत्या आणि मला शब्द न् शब्द कळत होता. मी बाजूला थांबलो आणि त्यांना पुढे जाऊ दिलं. पाय टेकून त्या दूर जाईपर्यंत ऐकत राहिलो.

सहा वर्षं दर रविवारी तू माझ्या मागे असायचीस, बारके. मी पुढे, तू मागे, वारा मधे. तू बोलायचीस आणि मी हो हो, छान छान म्हणायचो. अर्धं कळायचं, अर्धं गृहीत धरायचो. गेल्या वर्षी तू गुडघ्याचं कारण सांगून येणं बंद केलंस, मग महिनाभर सासूबाईंकडे गेलीस, आणि मी मात्र फुगून बसलो. तुझ्या जागी कुणी सोबतीला मिळेना म्हणून तुझ्यावरच चिडलो. फोनवर तुटक बोललो, तेही आठवतंय.

परवा मेहुणे कारखान्यात आले. चहा घेताना मी त्यांना माझ्या नळ्या कौतुकानं दाखवल्या, वाऱ्याचं सगळं पुराण सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तिच्या पोटातल्या गाठीचं तिनं सगळ्यांत आधी तुम्हाला सांगितलं होतं. पुलाच्या उतारावर. तुम्ही म्हणालात, छान झालं."

तू सासूबाईंकडे नव्हतीसच. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, पण तो रिपोर्ट यायला अकरा दिवस लागले आणि ते अकरा दिवस तू दादाशिवाय काढलेस. मला ऐकू गेलं नसणार हे तुला माहीत होतं, पण ते दुसऱ्यांदा उच्चारायचं बळ नव्हतं, असं मेहुणे म्हणाले. सगळा दोष वाऱ्यावर ढकलून मोकळं होता आलं असतं. पण उतार संपल्यावर आपण बाकावर बसलो होतो, तिथे वारा नव्हता. तुझा चेहरा उतरलेला होता आणि मी कारखान्यातल्या नव्या मशिनांच्या गप्पा मारत होतो. तू काय म्हणालीस, एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं. नाही विचारलं. माफ कर. येत्या रविवारी सकाळी मी तुझ्याकडे येतोय. फिरायला नको, कुठे नको. तू पहिल्यापासून सांग, त्या अकरा दिवसांसकट, मला ऐकायचंय. फोन नाही केला, कारण फोनवर पुन्हा मीच बोलत बसलो असतो.

तुझाच,
दादा