टोपली दाराशी ठेवली आहे

शिगेओ,

आईंची पेज, धुतलेल्या चादरी आणि डायपर दाराशी टोपलीत भरून ठेवलंय. टोपली माझ्या सायकलची. आज काढली. आता ती तुझी.

बॅटरीची सायकल मी मागितली होती ती क्यूशू बेट फिरायला. तू पुढे-मागे टोपल्या लावलेली घेऊन आलास आणि आईंच्या घराचा चढ दाखवून म्हणालास, "आता तुझे पाय दुखायचे नाहीत." मी वेडी, आभार मानले.

परवा पाहुण्यांसमोर म्हणालास, "मोटर ओढते, हिला कसले कष्ट?" अरे, मोटर नुसता हातभार लावते. पाय थांबले की तीही थांबते. पण तुला कुठून कळणार? नागासाकीच्या चढांवर वाढलेल्या माणसाला सायकल येत नाही, त्यात लाज कसली. लाज दुसऱ्या गोष्टींची वाटायला हवी.

सायकल दुकानात नेऊन मागच्या चाकाला मोठं दातेरी चक्र बसवून घेतलं. आता सामानासकट घाट चढते. कॅरिअरला पिशव्या लावल्यात, जादा बॅटरीही घेतलीय. आधी हिरादो गावाला निघालेय. तिथून पुढचं तिथे ठरवीन.

टोपली जड आहे. हाताला रग लागली तर वाटेतल्या देवळाच्या पायरीवर जरा टेक, पण रेंगाळू नकोस. पेज निवली की आई तोंड लावत नाहीत.

सून कुठाय, विचारतील. चढावर आहे म्हणून सांग. खोटं नाही ते.

फुमिए