प्रभुभोजनाची रांग

येरवडा, सोमवार

आई,

येशू तुला सांभाळो. बाळ बरं आहे. त्याला तपासून घेतलं, काही नाही निघालं. माझ्या टीबीच्या गोळ्या चालू आहेत. आता माझ्यापासून कुणाला लागण होत नाही, असं दवाखान्यातल्या बाईंनी दोनदा सांगितलं. तरी मी बाळाचा पापा घेत नाही, भीती वाटते.

पुढच्या महिन्यात त्याचा बाप्तिस्मा ठरलाय ना, त्याचंच लिहायचंय. फोनवर बोलता येत नाही, हे जवळच असतात.

काल चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या रांगेत उभी राहिले, द्राक्षारस सगळे एकाच प्याल्यातून घेतात ना, तर पाळकांच्या मिसेस कानात म्हणाल्या, "मार्था, तू आपली शेवटी ये हं. लोक कसे असतात, माहितीये ना." याच बाई दर बुधवारी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. मी शेवटी गेले.

प्याल्यात उरलेलं पाळकांनीच प्यायचं, ओतायचं नाही, हे तूच शिकवलंस. मी मागच्या दाराने निघाले, तर पाळक ते मोरीत ओतत होते. मला बघून हसून म्हणाले, "बाळ कसंय?"

किळस आली गं आई. त्या हातात मी बाळ नाही देणार. हे म्हणतात, "गप बस, केकपण सांगितलाय."

बाप्तिस्मा लांबला तर देव रागावेल का? दादाचा मोडलेला पाय कसाय?

आपल्या गावच्या म्हाताऱ्या पाळकांना विचार, बाळाचा बाप्तिस्मा ते करतील का. माझा आजार आधी सांग, लपवू नकोस. ऐकून ते मागे सरकले का, तेवढं मला कळव.

तुझीच,
मार्था