मीठ बंद, खारं चालू

आये, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आता मला माझ्याच तोंडातून ऐकू येतो, सुनेवर ओरडताना. मी वही घेऊन बसलेय हे बघून तू म्हणाली असतीस, "काय गो, चौथी नापास, कामधंदे नायत काय?" नाहीत. गुडघ्यांनी मासळी विकणं सोडायला लावलं. आता काम एकच, डॉक्टरीण सांगते तसं जगायचं. रोज सकाळी पाचूबंदरच्या धक्क्यापासून किल्ल्याच्या पलीकडच्या टोकापर्यंत चालायचं आणि मीठ खायचं नाही. चालण्याचं तुला हसू येईल. आपल्याकडे बाई रिकाम्या हातानं निघाली की लोकांना वाटतं घरात भांडण झालं. पहिल्याच दिवशी तिघींनी विचारलं, "कुठं चाललीस गो? कोन मेलं?" तेव्हापासून डोक्यावर रिकामी टोपली घेऊन निघते. कोणी विचारत नाही, आणि पाठही सरळ राहते.

मिठाचं मात्र हसण्यासारखं नाही. डॉक्टरीण माझ्या नातीच्या वयाची. तिनं ब्लडप्रेशर मोजलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "आजी, मीठ बंद केलं नाही का?" मी तडकले. म्हटलं, "तीन महिने झाले, भातात मीठ नाही, कालवणात नाही. सून माझं वेगळं शिजवते, तोंड फुगवून." "मग तोंडी लावायला काय घेता?" "काय घेणार? खारवलेला दाढा. ते काय मीठ आहे? तो मासा." तिनं पेन खाली ठेवलं. "आजी, ते मीठच आहे. त्याला थोडा मासा लागलाय, इतकंच." बरोबर आलेल्या सुनेनं तोंडाला ओढणी लावली. मला हसू आलं नाही. मला तू दिसलीस, पडवीत खाटेवर. रिक्षात सून म्हणाली, "आई, एवढं काय मनाला लावून घेता?" तिला काय सांगू?

तुझ्यासारखं खारं किनाऱ्यावर कोणी करत नव्हतं. तुझी पोर म्हणून सांगत नाही, राजोडीहून बायका न्यायला यायच्या. मी दहा वर्षांची असेन. तू मागल्या दारी बसून दाढा पाठीकडून चिरतेस, दाराच्या दोन फळ्या उघडाव्यात तसा उघडतेस, कल्ल्यात मीठ भरतेस. एक मासा माझ्यापुढे सरकवतेस. माझ्या बोटांना चिरा पडल्यात, झोंबतं, म्हणून मी चिमटीनं मीठ टाकते. तू माझं मनगट धरून आख्खी मूठ मिठात खुपसतेस. "रडतेस काय? हात मोकला सोड. हा मासा कुजला तर पावसात काय खाशील, दगड?" संध्याकाळी त्याच बोटांना तू खोबरेल लावतेस. अंगणभर मासे वाळत घातलेले, मी कावळे हाकत बसलेली. तो वास केसांत घेऊन शाळेत गेले तर मास्तरांनी शेवटच्या बाकावर बसवलं. घरी येऊन सांगितलं, तर तू म्हणालीस, "बरा झाला, मागं वारा येतो."

मग तुझ्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात लुळा पडला, बोलणं अर्धं राहिलं. दवाखान्यात सांगितलं, मीठ बंद. आम्ही किती इमानानं पाळलं गो! मिठाची बरणी शेजारणीकडे नेऊन ठेवली, तुझा डावा हात तिथवर पोचू नये म्हणून. अळणी पेज केली. तू तोंड फिरवायचीस. मग मी निखाऱ्यावर खारी तुकडी भाजायची आणि पेजेबरोबर भरवायची. वाडगा रिकामा व्हायचा, आणि मी गावभर सांगत फिरायचे, आये जेवली. वर्ष व्हायच्या आत पुन्हा वारं गेलं, आणि तू उठलीच नाहीस. पथ्य पाळलं होतं का, असं दवाखान्यात विचारलं तेव्हा मी मान ताठ करून हो म्हटलं.

माझ्या ताटात आता खारं येत नाही. पहिले पंधरा दिवस माती खाल्ल्यासारखं वाटलं. मग एक दिवस ताज्या बोंबलाचा गोडवा जिभेला कळला. लिंबू पिळलं की पुरतं. हे सुनेला कळू दिलेलं नाही, डोक्यावर बसेल.

हे पत्र कुठं टाकणार? वही फडताळात जाईल, मागाहून रद्दीत. पण एक गोष्ट तोंडानं सांगवत नाही. पुढच्या खेपेला मी डॉक्टरणीला तुझी हकीकत सांगितली, तर ती म्हणाली, "तुम्हाला माहीत नव्हतं आजी, तुमची काय चूक?" मी मान डोलावली. पण आये, खारी तुकडी पोटात गेली की तू तांब्यावर तांब्या मागायचीस. "पानी, पानी," एवढाच शब्द तुला नीट यायचा. मी मासे खारवणाऱ्या बाईची पोर. ती तहान कशाची, हे मला कळत होतं. तू जेवत होतीस, म्हणून मी पाणी देत राहिले.