दम धरा, बाई

उस्ताद, तुम्ही गेलात त्याला अकरा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुमच्या घरच्यांची धड विचारपूससुद्धा केली नाही. आज लिहायला बसलोय तेही आठवण आली म्हणून नाही, लाज वाटतेय म्हणून. माझ्या हातून एक काम झालंय आणि ते तुमच्याच जुन्या शब्दानं झालंय.

पडेगावातली तुमची पत्र्याची व्यायामशाळा आता राहिली नाही, तिथं टायरचं दुकान आहे. मी क्रांती चौकाजवळच्या एका जिममध्ये पर्सनल ट्रेनर आहे. एकेकाला वेळ ठरवून व्यायाम शिकवतो, लोक मला सर म्हणतात. तुमच्याकडे मी विशीत आलो तेव्हा तुमची एकच आरोळी असायची, "दम धर!" वजन वर जाताना छातीत श्वास कोंडायचा आणि वजन खाली आलं की मगच सोडायचा. आम्ही लालबुंद व्हायचो, कानात गुणगुण व्हायची आणि यालाच ताकद म्हणतात असं वाटायचं.

मग बावन्नाव्या वर्षी तुमच्या डोक्यात शिकायचं आलं. शहरातल्या एका कॉलेजात रविवारी ट्रेनरचा कोर्स चालायचा. सगळी पोरं विशीतली आणि त्यांच्यात तुम्ही, नाकावर चष्मा, पिशवीत दोनशे पानी वही. हाडांची इंग्रजी नावं तुम्ही उर्दूत लिहून घ्यायचात आणि माझ्या मोटारसायकलवर मागं बसून मोठ्यानं पाठ करायचात. सिग्नलला लोक वळून बघायचे. मी तुम्हाला क्रांती चौकातच उतरवायचो, पुढं लई ट्रॅफिक असतं म्हणायचो. ट्रॅफिक कसलं उस्ताद, कॉलेजच्या दारात माझे मित्र उभे असायचे. तुम्ही उन्हात चालत जायचात, आणि वर मलाच "शुक्रिया बेटा" म्हणायचात.

एका सोमवारी तुम्ही सगळ्यांना वजनं खाली ठेवायला लावलीत. "आजपासून दम धरायचा नाय. वजन वर जाताना श्वास सोडायचा. कोंडला की बीपी एकदम चढतं. ज्याला पहिल्यापासून बीपी हाय, त्याचं तर काय बी होऊ शकतं. मी वीस साल चुकीचं शिकवलं. माफ करा." आगाऊपणा सुचला तो मलाच. "उस्ताद, लोक इथं दम कमवायला येतात आन् तुम्ही सोडायला लावता व्हय?" पोरं खो खो हसली. तुम्ही माझ्याजवळ आलात आणि आवाज न चढवता म्हणालात, "वीस सालात कुणाला काय झालं नाय, ते माझं नशीब, हुनर नाय. तू हसतो काय रे?" त्यानंतर दोन दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत.

तुमच्यामागं सर्टिफिकेट मीही घेतलं. पहिलं खरंच अभ्यास करून घेतलं, एवढं तरी सांगू द्या. पण ते दर दोन वर्षांनी नवं करावं लागतं. मधल्या काळात जे नवं कळलंय ते वाचायचं आणि मोबाइलवर परीक्षा द्यायची. आम्हा ट्रेनर लोकांचा एक ग्रुप आहे, त्यावर उत्तरं येतात. एक ब, दोन ड, तीन अ. मागच्या खेपेला मी चहा पितापिता खुणा केल्या आणि पैकीच्या पैकी मार्क मिळवले. नवं सर्टिफिकेट फ्रेम करून आरशाशेजारी लावलं.

ती फ्रेम बघूनच बाई माझ्याकडे आल्या. बाई म्हणजे पडेगावच्याच, मराठीच्या निवृत्त शिक्षिका. त्यांच्या मुलानं पुण्याहून सर्टिफिकेटचा फोटो मागवला, तारीख वाचली आणि मगच आईला जाऊ दिलं. पहिल्या दिवशी भरायच्या फॉर्मवर बाईंनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'बीपीची गोळी, रोज सकाळी.' त्याच्या खाली माझी सही आहे. मी तो फॉर्म वाचलाच नव्हता.

गेल्या महिन्यातली सकाळ. बाई उभ्यानं डंबेल डोक्यावर नेतायत, शेवटचे दोन राहिलेत, हात थरथरतायत. "दम धरा बाई, दम धरा, दोनच!" मला म्हणायचंय, हिंमत सोडू नका. पण बाई सांगितलेलं अक्षरशः पाळणाऱ्या. त्या गाल फुगवून श्वास कोंडतात. मला ते दिसतं. खोटं कशाला बोलू, मला स्पष्ट दिसतं आणि तरी मी मोजत राहतो. मग त्यांचे डोळे फिरतात, डंबेल सुटतात आणि बाई हातावर कोसळतात. मनगट मोडलं. डोकं बाकाच्या कोपऱ्यापासून वीतभर लांब होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. मी तोंड उघडायच्या आत बाईच म्हणाल्या, "मीच मेली काही न खाता गेले. सरांची काही चूक नाही हो." त्यांची पर्स हातात धरून मी शेजारी उभा होतो. आणि उस्ताद, मी काय म्हणालो माहितीये? मी म्हणालो, "बाई, खाऊन यायचं असतं." त्या म्हणाल्या, "हो, चुकलंच माझं."

घरी येऊन मी मोबाइलवर ती परीक्षा उघडली. बीपीच्या माणसानं वजन उचलताना श्वासाचं काय करावं, असा चौदावा प्रश्न होता. माझं उत्तर बरोबर होतं. मी प्रश्न पहिल्यांदा वाचला तो त्या दिवशी. तुम्ही बावन्नाव्या वर्षी पोरांच्या शेजारी बसून जे शिकलात, ते तुम्ही मला आयतं दिलं होतंत. ते मी हसण्यावारी नेलं, आणि पुन्हा समोर आलं तेव्हा न वाचता टिक केलं. मला स्वतःची किळस येते.

बाईंचा आज निरोप आला. प्लास्टर निघालं की परत येते, या वेळी नक्की खाऊन येईन, म्हणतात. मी उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला.

तुम्हाला लिहिणं सोपं आहे, उस्ताद, तुम्ही काही हे वाचणार नाही. ज्यांना सांगायला हवं त्यांचं घर माझ्या जिमच्या वाटेवरच आहे. गेला महिनाभर मी दुसऱ्या रस्त्यानं जातोय.